अर्धं दाबलेलं बटण

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या लाकडी नंदींच्या पोळ्याला, मोबाइल पर्समध्ये ठेवायचे, हा आमच्या प्रताप नगरच्या कॉलनीतला नियम माझाच. मागच्या वर्षी आपापल्या पोराचा फोटो काढायला सगळ्या आया एकदम पुढे घुसल्या. त्या रेट्यात माया वहिनींच्या काजलचा लाकडी नंदी पडला, त्याचं शिंग तुटलं. काजल रडत घरी गेली. तिचा त्या दिवसाचा एकही फोटो नाही. म्हणून या वर्षी मीच मीटिंगमध्ये म्हटलं, आयांनी दोरीच्या मागे थांबायचं. मी माझ्या कॅमेऱ्यावर प्रत्येक मुलाचा नंदीसोबत एक फोटो काढीन.

पोळ्याच्या दिवशी माया वहिनींनी मला दोरीपाशीच गाठलं. "अंजू, काजल रांगेत शेवटी उभी राहून राहिली. तिचा तेवढा चुकवू नको वं."

"शेवटी काहून?"

"मागून कोणी धक्का नाही देणार म्हणते."

मी शब्द दिला.

लेन्स नवीन होती. हात हलला तरी चित्र हलू न देणारी. माझे हात हलतात, माझी लेक तारा समोर असली की जरा जास्तच, म्हणून नवऱ्याने, पंकजने मुद्दाम तीच घेऊन दिली. पण ती आल्यापासून बॅटरी भराभर उतरायची. जुन्या लेन्सवर नणंदेचा अख्खा साखरपुडा एका बॅटरीत निघाला होता. "बॅटरी म्हातारी झाली," हे पंकजचं निदान. दुसरी आणू आणू म्हणता पोळा आला.

आभाळ भरलेलं, उजेड कमी. रांग मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली, आणि तिथे काजलच्या पुढे माझी तारा. चार वर्षांची, धोतर नेसलेली, डोक्याला केशरी फेटा, ओठांवर पेन्सिलीची मिशी. मी डोळा कॅमेऱ्याला लावला. फेटा डोळ्यांवर आलाय का? नंदीच्या चाकाची खिळी तोंडात घातली का? बटण अर्धं दाबलं की तिचा चेहरा स्वच्छ व्हायचा आणि चित्र जागच्या जागी थांबायचं. पूर्ण दाबायची गरज नव्हती, तिची पाळी आली की फोटो काढायचाच होता. एका पोराचा फोटो काढला की कॅमेरा परत तिच्याकडे.

"काय पाहून राहिली एवढं?" खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. "पोरगी पळून चालली का?"

"फेटा सुटतोय, आई."

"सुटला तं सुटला. पोळा हाय, पलटण नाही."

रांगेच्या तोंडाशी चंपतराव काका माइक घेऊन परीक्षण करत होते. "काय नाव गा तुह्या नंदीचं?"

"बुलेट."

"अन् खाते काय तो?"

"पेट्रोल!"

सगळे हसले. तेवढ्यात माइक बंद पडला. कोणीतरी वायर बघायला धावलं. मी तारावर कॅमेरा धरून उभी होते, आणि त्या शांततेत मला माझ्या तोंडाजवळ बारीक घरघर ऐकू आली. लेन्समधून येणारी. मी बटणावरून बोट काढलं. क्षणभराने ती थांबली. पुन्हा अर्धं दाबलं, पुन्हा सुरू.

मी बॅटरीची खूण बघितली. लाल. आणि फोटो निघाले होते जेमतेम आठ-नऊ.

एवढ्या फोटोंनी बॅटरी संपत नाही. ती माझ्या बघण्याने संपली होती. मी बटण अर्धं दाबून धरलं, की आतली काच माझ्या हाताची थरथर झेलायला लागायची, फोटो निघो न निघो. घरीही मी हेच करत होते. तारा अंगणात खेळायची आणि मी खिडकीतून तिला त्या लेन्समधून बघत बसायचे.

लेन्सवरचं बटण सरकवून मी ती थरथर झेलणं बंद केलं. मांडवाच्या बांबूला कोपर टेकवलं. मूल समोर आलं की कॅमेरा सुरू करायचा, श्वास धरायचा, एक फोटो, लगेच बंद. मधल्या वेळात तारा म्हणजे लांबवरचा नुसता केशरी ठिपका. दोनदा कॅमेरा तिच्याकडे उचलला, दोनदा खाली घेतला. एकदा ठिपका दिसेनासा झाला. मग तो काजलच्या मागून बाहेर आला.

रांग सरकत सरकत शेवटच्या दोघींवर आली. लाल खूण आता लुकलुकत होती. कॅमेरा बंद पडायच्या आधी ती तशी लुकलुकते. एखादा फोटो निघतो, कधी तोही नाही.

तारा नंदी ओढत समोर आली आणि सगळे दात दाखवून उभी राहिली. पलीकडे दोरीमागे माया वहिनी टाचा उंचावून बघत होत्या. मी कॅमेरा सुरू केला नाही.

"हो पुढे, बाळा."

"पण आवाज नाही आला."

"काजलताईचा काढते, मग तुझा."

काजल आली. नंदीला नवं शिंग, त्यावर चकचकीत सोनेरी रंग. तिने आधी मागे वळून पाहिलं, कोणी नव्हतं, मग ताठ उभी राहिली. मी श्वास धरला आणि बटण दाबलं. फोटो निघाला. पडद्यावर ती क्षणभर दिसली, शिंगासकट. तसाच कॅमेरा ताराकडे वळवला, आणि तो विझला.

"निघाला?" माया वहिनी धावत आल्या.

"निघाला."

"अन् ताराचा?"

मी नकारार्थी मान हलवली. वहिनींनी काजलला पुढ्यात ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. फोटो नाही निघाला तं पोरगी का हरवली?"

पण तारा माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. फेटा खरंच सुटला होता.

"माझा एकपण नाही?"

"नाही गं. बॅटरी संपली."

"मग तू सारखी माझ्याकडे काहून कॅमेरा धरत होती?"

मी तिचा फेटा सावरायला हात पुढे केला, तिने डोकं मागे घेतलं.

"तू धरला की मी हसत होती. दर वेळी. गाल दुखून राहिले माझे."

कॅमेरा सासूबाईंच्या मांडीवर ठेवून मी खाली बसले आणि तिचे गाल दोन्ही हातांनी चोळायला लागले.

"इथे?"

"नाही. इथे."

मिशी पुसून माझ्या अंगठ्याला लागली. ती डोळे मिटून उभी राहिली, आणि मी चोळत राहिले.