जन्मक्रम एक

प्रसूतिगृहाचं मोबाइल अ‍ॅप तिने एकटीने बांधलं होतं. बाळाची नोंद दोन गोष्टींनी ओळखायची, आईचा क्रमांक आणि जन्मतारीख. या जोडीची मिळून एक प्रायमरी की, म्हणजे तीच जोडी पुन्हा आली की अ‍ॅप नोंद घेणार नाही. तिसऱ्याच आठवड्यात तिथल्या सिस्टरांचा फोन आला. जुळं झालंय आणि दुसऱ्या बाळाला तुमचं अ‍ॅप दारातच अडवतंय, असं त्या म्हणाल्या.

तिने कपाळावर हात मारला. फोनमधल्या त्या डेटाबेसमध्ये तयार टेबलची की बदलता येत नाही, म्हणून जन्मक्रम हा तिसरा रकाना धरून नवीन टेबल केलं. ते आपल्या फोनवर तपासायला नमुना म्हणून स्वतःच्याच आईला एक क्रमांक दिला, स्वतःची जन्मतारीख टाकली, जन्मक्रम एक.

‘ही नोंद आधीच आहे.’

टेबल तर कोरं होतं. उघडून पाहिलं तर एक ओळ होती. तीच आई, तीच तारीख, क्रम एक. मुलगी, दीड किलो, दुपारी तीन चाळीस. नाव रिकामं. बटण दोनदा दाबलं गेलं असेल म्हणून तिने ओळ पुसली आणि पुन्हा भरायला घेतली. पुन्हा तोच संदेश, तीच ओळ, तेच दीड किलो. हे आकडे तिने टाकलेच नव्हते.

तिने क्रम दोन टाकला. नोंद मुकाट्याने झाली.

तिने आईला फोन लावला आणि माझ्याआधी कुणी होतं का, असं विचारलं.

आईने उलट विचारलं, “तुला कुणी सांगितलं?”

जुळ्यातली मोठी दहा मिनिटं जगली होती. हे घरात आई-बाबांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती.

संध्याकाळी ती आईकडे गेली. आईने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

“नाव मी लिहू?”

आईने एका बोटाने पहिलं अक्षर दाबलं. उरलेलं नाव आपोआप उमटलं. आईने ते मनात ठेवलं होतं, बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

आईने नोंद जतन केली, पण फोन परत दिला नाही, मांडीवर धरून बसली. बॅटरी संपत आली तेव्हा लेकीने चार्जर आणून तिथेच जोडला.