सुरकुती नसलेली सीट

सगळा बाजार त्याला उस्ताद म्हणे. गाड्यांच्या सीटना कव्हर शिवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच दिवसातून चारदा सांगत असे. काम संपलं की सीटवरून तळहात फिरवायचा आणि एक सुरकुती जरी लागली तरी उसवून परत शिवायचा. मागच्या सीटच्या पट्ट्यांची बक्कलं म्हणजे तर त्याच्या डोक्याला ताप. ती वर ठेवली की रेक्झिन फुगायचं. म्हणून तो ती सरळ कव्हरखाली दाबून वरून शिवून टाकायचा. गिऱ्हाईकं खूश! टोचत नाही, खडखडत नाही, आणि मागे बसून पट्टा बांधतो कोण?

जावयाच्या गाडीचं कव्हर त्याने लग्नात भेट म्हणून शिवलं होतं, दुहेरी शिलाईचं. आज त्याच सीटवर तो लेकीशेजारी बसला होता. तिला सातवा महिना होता आणि घाट उतरून शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणीला जायचं होतं. गाडी जावई चालवत होता, शेजारी विहीणबाई.

"बाबा, या पट्ट्याचं बक्कल कुठेय? डॉक्टर म्हणाल्या, मागे बसलीस तरी बांध. पोटाच्या खालून."

"त्यांना काय जातंय म्हणायला," उस्ताद हसला. "मी आहे ना शेजारी, धरतो तुला."

"मला तर तो गळ्याला फास लावल्यासारखा वाटतो बाई," विहीणबाई म्हणाल्या. "आणि कपड्यांची इस्त्री मोडते ती वेगळीच."

जावयाची तऱ्हा याहून न्यारी. त्याने पट्टा पाठीमागून नेऊन बक्कलात अडकवून ठेवला होता, म्हणजे गाडी केकाटत नाही. वर म्हणाला, "वीस वर्षं चालवतोय. हातात ताकद आहे अजून."

तिसऱ्या वळणावर गाड्या तुंबल्या होत्या. कठड्याला टेकून एक गाडी टपावर पडली होती, चाकं आकाशात. तिला साखळी लावणारा क्रेनवाला त्यांच्या खिडकीशी उभा होता. उस्तादने काच खाली करून विचारलं, "कुणी दगावलं का हो?"

"मागच्या सीटवरची पोरगी गेली. पट्टा होता तिला." क्रेनवाल्याने हात पुसले. "शेजारचा माणूस सुटा होता. गाडी उलटली तसा डब्यातल्या गोट्यासारखा फिरला आतल्या आत. चांगला आडदांड. तिला गाडीने नाही मारलं, त्याने मारलं."

उस्तादने लेकीकडे पाहिलं. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

गाड्या हलल्या. जावयाने वेळ भरून काढायला वेग घेतला. उतार होता, आणि वळणावर समोरून बस आली की लेक दाराकडे लोटली जायची. उस्तादने सीटच्या खाचेत बोटं घातली. दोरा तुटेना. कसा तुटेल? त्यानेच शिवला होता. घराची किल्ली काढून तो टाके उसवू लागला.

"बाबा, अहो नवं कव्हर आहे!" जावई आरशात बघून ओरडला.

"पुढे बघा तुम्ही! पुढे बघा!"

नख उलटलं, रक्त आलं, रेक्झिन टरकन फाटलं. आत स्पंजात रुतलेलं बक्कल हाताला लागलं. त्याने लेकीला पट्टा घातला, पोटाच्या खालून. खट्ट आवाज झाला आणि त्याला रडूच फुटलं.

पण पुढच्याच वळणावर तो स्वतः घसरून तिच्या अंगावर गेला. तिने कोपराने पोट झाकलं.

उस्ताद नव्वद किलोंचा होता, आणि सुटा. त्याने आपल्या बाजूची शिलाई चाचपली आणि हात तिथेच थांबला. या बाजूची नि मधली बक्कलं स्पंजात बसेनात, म्हणून त्याने ती दाबली नव्हती. ती त्याने मुळासकट कापली होती. जावयाचं काम, एकही सुरकुती राहायला नको म्हणून.

"थांबवा. गाडी थांबवा, नाहीतर मी दार उघडतो."

गाडी कचकन थांबली. तो उतरला.

"अहो व्याही, वेडबीड लागलं का? घाबरत असाल तर पुढे या, मी बसते मागे," विहीणबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही सुट्या! तिच्यावर मी पडलो काय नि तुम्ही पडलात काय!" त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही पुढेच बसा आणि बांधा. जावईबापू, तुम्हीही. तुम्ही दोघं बांधल्याशिवाय मी हे दार लावणार नाही. पाया पडतो तुमच्या."

मागे हॉर्न वाजू लागले. विहीणबाईंनी पुटपुटत पट्टा ओढला. जावयाने पाठीमागचा काढून छातीवर घेतला, तोंड एवढंसं करून.

"बाबा, तुम्ही कसे येणार?" लेकीने विचारलं.

"येतो गं मी. चालत येतो. तू पोटाला हात लावून बस."

त्याने दार लावलं. गाडी निघाली. एक वळण गेलं आणि खालच्या रस्त्यावर ती पुन्हा दिसली, तेव्हा तिचा वेग वाढलेला होता. विहीणबाईंनी एव्हाना फास सोडवला असेल. जावयाने पट्टा पुन्हा पाठीमागे टाकला असेल. याबद्दल उस्तादला तिळमात्र शंका नव्हती, कारण घटकाभरापूर्वी त्याने स्वतःही तेच केलं असतं, आणि वर हसला असता.

आणि मग, पोचणार नाही हे माहीत असूनही, आडदांड उस्ताद लेकीला हाका मारत उतारावरून धावत सुटला.