दर्शनी भिंत

फळा म्हणा, बोर्ड म्हणा, कागद डकवायची पाटी म्हणा, मी कशालाही ओ देतो. मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. एका मोठ्या रुग्णालयात, लोक वाट पाहत बसतात त्या दालनात मी राहतो. राहतो म्हणजे काय, भिंतीला खिळलेला आहे, जाणार कुठे? तुम्ही तिथे आलात तरी मी तुम्हाला दिसणार नाही. का दिसणार नाही, तेच सांगायला आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म एका सुताराच्या पडवीत झाला. सुतार भलता चिकित्सक होता. माझी सागवानी चौकट त्याने इतकी घासली की मलाच गुदगुल्या झाल्या. आत हिरवे कापड ताणून बसवले, पुढे सरकत्या काचा लावल्या आणि काचांना छोटेसे पितळी कुलूप. मला घडवून घेणारे डॉक्टर तेव्हाच म्हातारे होते. भिंतीवर मला टांगायची वेळ आली, तेव्हा ते समोरच्या बाकावर जाऊन बसले आणि सुताराला म्हणाले, "अजून खाली घे. बसलेल्या माणसाला मान वर न करता वाचता आलं पाहिजे. इथे येणारा आधीच दमलेला असतो."

सुताराने मला पुन्हा उतरवले आणि खाली टांगले. तोंडाने पुटपुटत होता, पण टांगले.

ती माझी उमेदीची वर्षे. तपासणीचे दर, औषधांच्या किमती, कोणते डॉक्टर कधी भेटतील, सगळे माझ्यावर ठळक अक्षरांत असे. एकदा प्रयोगशाळेत दोन रुग्णांच्या रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल झाली. दुसरा कोणी असता तर ब्र काढला नसता. म्हाताऱ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने माफीचा कागद लिहिला आणि माझ्यावर लावला. लोक वाचत, एकमेकांकडे बघत आणि पुन्हा त्याच रुग्णालयात येत. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. भिंतीवर टांगलेल्या लाकडाला अभिमान कसला, असे तुम्ही म्हणाल. पण लोक आपल्यापुढे उभे राहून वाचतात, हे सुख कॅलेंडरलासुद्धा कळते.

म्हातारे डॉक्टर गेले आणि त्यांच्या मुलाकडे कारभार आला. त्यांना सगळे धाकटे डॉक्टर म्हणत. माणूस गोड बोलणारा, टापटिपीचा. रुग्णालय मोठे झाले, शेजारी औषधांचा कारखाना उभा राहिला आणि बाकांच्या जागी खुर्च्या आल्या. माझ्या जागेवर एक चकचकीत पडदा बसला. त्यावर दिवसभर हसरे डॉक्टर आणि त्यांहून हसरे रुग्ण दिसत. कालचे पोर ते, पण सगळे त्याच्याकडेच बघत. माझी रवानगी दाराशेजारच्या भिंतीवर झाली.

आता गंमत ऐका. दालनाचे दार आत उघडते आणि त्याची एक मोठी फळी येऊन नेमकी माझ्यावर टेकते. दार दिवसभर उघडे. लोकांच्या तोंडावर दार बंद होते, माझ्या तोंडावर मात्र ते उघडू लागले. वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला एक खुर्ची लावून ठेवत. सुट्टीच्या दिवशी दार बंद झाले की मला समोरच्या रिकाम्या खुर्च्या तेवढ्या दिसत.

त्याच सुमारास एक कायदा आला. नीट समजून घ्या, कारण पुढचे सारे त्यावर आहे. निवडणूक लढवायला पक्षांना पैसा लागतो. मोठ्या कंपन्या त्यांना देणगी देतात. देणगी देणे हा काही गुन्हा नव्हे. पण माणूस ज्याचे खातो त्याचा मिंधा होतो, आणि मिंधा माणूस न्याय करताना अडखळतो. म्हणून कायद्याने सांगितले की औषधे बनवणाऱ्या आणि रुग्णालये चालवणाऱ्या कंपन्यांनी कोणत्या पक्षाला किती देणगी दिली, ते आपल्या जागेच्या 'दर्शनी भागात' लावावे. आणखी एक होते. ज्या पुढाऱ्याच्या पक्षाने एखाद्या कंपनीची देणगी घेतली, त्याने त्या कंपनीच्या औषधाच्या किमतीचा निवाडा करायचा नाही. मात्र तशी हरकत कोणीतरी मुदतीत घ्यायला हवी. कोणी बोललेच नाही, तर तो खुशाल निवाडा करू शकतो.

रुग्णालयाच्या कचेरीत कायदेकानू बघणारे एक गृहस्थ होते. दर दुसऱ्या वाक्याला 'नियमानुसार' म्हणत, म्हणून त्यांचे नावच नियमकाका पडले. एके दिवशी ते देणगीचा कागद घेऊन आले. दार ओढून घेतले, कुलूप काढले आणि कागद माझ्यावर टाचला. कागदात लबाडी नव्हती, हे मी सांगितलेच पाहिजे. कंपनीचे नाव, पक्षाचे नाव, रक्कम, सगळे लख्ख. मग त्यांनी दार सोडले. फळी झुलत आली आणि माझ्यावर टेकली. ती पुन्हा दूर झाली, पुन्हा टेकली. काका दार उघडून-मिटून बघत होते.

ते धाकट्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांच्या हातात इमारतीचा नकाशा होता.

"दार उघडलं की हा झाकला जातो हो," काका म्हणाले.

"कायद्यात शब्द काय आहे?"

"दर्शनी भागात लावावे."

"मग नकाशात या भिंतीला काय म्हटलंय, तेवढं वाचा."

काकांनी चष्मा सारखा केला. इमारतीचे तोंड रस्त्याकडे असते ना, त्या बाजूच्या भिंतीला बांधणारे लोक दर्शनी भिंत म्हणतात. माझी भिंत रस्त्याकडचीच होती. नकाशावर तिच्यापुढे बारीक अक्षरांत तसे लिहिलेले होते.

काकांनी ते दोन शब्द मोठ्याने वाचले. मग हळूच म्हणाले, "नियमानुसार बसतं."

सुट्टीच्या दिवशी, दार बंद असताना, माझा फोटो काढून सरकारी कचेरीत पाठवला गेला. त्यासाठी कोणीतरी माझ्या काचा पुसल्या. किती दिवसांनी अंगाला फडके लागले होते! मी वेडा, त्या दिवशी खूश होतो.

दाराला लावलेल्या त्या खुर्चीवर एक शिंपीणबाई बसू लागल्या. त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. मूत्रपिंडे कामातून गेल्यामुळे त्यांना आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे, आणि अंगात रक्त टिकावे म्हणून लाल टोपणाच्या कुपीतले एक इंजेक्शन. ते इंजेक्शन आमच्याच कारखान्यात बने. ते मिळाले की घड्याळजींना दुकानात बसता येई, चिमट्याने केसाएवढा स्क्रू उचलता येई. न मिळाले तर जिना चढतानाही धाप लागे. सरकारने त्याच्या किमतीवर मर्यादा घातली होती, म्हणून त्या दोघांना ते परवडत होते.

बाईंनी ती खुर्ची निवडली, कारण तिथून यंत्रांच्या खोलीचे दार दिसे. त्या टेकून बसत, आणि त्यांच्या पाठीच्या भाराने दाराची फळी माझ्यावर घट्ट दाबली जाई. त्यांच्यात आणि माझ्यात तेवढे एक लाकूड. त्यांचे बोलणे मला सारे ऐकू येई. घड्याळजी मोठे मिश्किल. यंत्रावरून उठून आले की म्हणत, "चला, चावी दिली. दोन दिवस चालेन." आणि बाई म्हणत, "चालाल हो, पण नेहमीसारखे मागेच पडाल."

मग एका दिवशी बाईंनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले. त्या इंजेक्शनच्या किमतीवरची मर्यादा उठवावी, असा कंपनीचा अर्ज होता. त्यावर एक समिती सुनावणी घेणार होती आणि लोकांनी हरकती मांडाव्यात असे आवाहन होते. समितीचे अध्यक्ष कोण, तेही छापलेले होते. मित्रांनो, त्या पुढाऱ्याचा पक्ष कोणता होता, हे मला कोणी सांगायला नको होते. त्या पक्षाचे नाव माझ्या छातीवर टाचलेले होते.

बाई हुशार. देणगी घेणाऱ्याने निवाडा करायचा नाही, हा नियम त्यांनी त्याच पानावर वाचला. त्या तडक स्वागतकक्षाशी गेल्या आणि विचारले की तुमची कंपनी कोणत्या पक्षाला देणगी देते का. तिथली मुलगी नवीन होती, पण चांगली होती. ती म्हणाली, तसे काही असेल तर बोर्डावर येते. कोणत्या बोर्डावर, असे बाईंनी विचारल्यावर तिने बोट केले ते त्या चकचकीत पडद्याकडे. तिच्या लेखी बोर्ड म्हणजे तोच. मी या दालनात आहे, हे तिला कोणी सांगितलेलेच नव्हते.

त्या दिवसापासून बाई पडदा वाचू लागल्या. घड्याळजी आत यंत्रावर, आणि बाई इथे बसून हसऱ्या डॉक्टरांकडे एकटक बघत. कुठे एखादी ओळ सरकून जाईल म्हणून डोळ्याला डोळा लागू देत नसत. एकदा शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांना म्हणाल्या, "मी पाणी पिऊन येते, तोवर तुम्ही बघता का जरा?" त्या उठल्या, दार वाऱ्याने जरासे हलले आणि बोटभर फटीतून उजेड माझ्यावर पडला. मी मनातल्या मनात म्हटले, बाई, मागे बघा. पण लाकडाला कंठ नसतो. त्या आल्या आणि टेकून बसल्या.

सुनावणीहून त्या परतल्या, तेव्हा काय झाले ते त्यांनी यजमानांना इथेच सांगितले. अध्यक्षांनी त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, पाणीही विचारले. कंपनीशी कोणाचे लागेबांधे आहेत का, असे बाईंनी विचारले. अध्यक्षांनी उलट विचारले, तुमच्याकडे काही पुरावा आहे का? बाईंकडे नव्हता. मग हरकत कशी नोंदवणार? मुदत संपली.

"असू दे गं," घड्याळजी म्हणाले. "तू बोललीस, हे काय कमी आहे?"

मर्यादा उठली. किंमत इतकी चढली की बाई रात्रंदिवस शिवण करूनही तोंडमिळवणी होईना. त्यांनी शिलाई यंत्र सोडून बाकी काय काय विकले, ते मी ऐकले, पण इथे सांगत नाही. घड्याळजींनी बायकोला न सांगता इंजेक्शने पुढे ढकलायला सुरुवात केली. अजून बरे वाटते आहे, पुढच्या खेपेला घेऊ, असे ते परिचारिकेला सांगत. त्यांची पावले जड झाली. चावी दिल्याचा विनोद ते करत, पण वाक्य पुरे होण्याआधी त्यांना दम खावा लागे. मग एका सकाळी बाई एकट्याच आल्या.

त्यांच्या हातात बर्फाचा डबा होता. घड्याळजींनी घरी वाचवून ठेवलेल्या दोन कुप्या त्यात होत्या. कोणाच्या तरी उपयोगी पडतील, म्हणून त्या परत द्यायला आल्या होत्या.

नेमके त्या दिवशी दालनाला रंग द्यायचे काम निघाले होते. रंगाऱ्याने दार बिजागऱ्यांतून काढून बाहेर नेले होते. मी उघडा होतो. माझ्याकडे कोणी फिरकत नाही, म्हणून तो कागदही कोणी काढलेला नव्हता. बाई सवयीने आपल्या खुर्चीकडे आल्या, आणि टेकायला दार नाही म्हणून मागे वळल्या.

त्यांनी वाचले. मग काचेवर बोट ठेवून एकेक शब्द पुन्हा वाचला. मला जन्मभर कोणीतरी असे वाचावे अशी आस होती, पण त्या क्षणी मला वाटले, रंगाऱ्याने माझ्यावर रंगाची बादली ओतली असती तर बरे झाले असते.

नियमकाका तिथून जात होते. बाईंनी त्यांना थांबवून विचारले, "काका, हे कधी लावलं?"

काकांनी तारीख सांगितली. सुनावणीच्या कितीतरी आधीची.

"मी तर इथेच बसत होते," बाई म्हणाल्या.

"ताई, नियमानुसार दर्शनी भिंतीवरच लावलं होतं."

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी नुसते विचारले, "दर्शन कुणाला द्यायचं होतं, काका? दाराला?"

 बाईंनी तो डबा त्यांच्या हातात दिला. "लवकर आत ठेवा, बर्फ वितळतोय," एवढे म्हणून त्या पायऱ्या उतरल्या. काका डबा धरून तिथेच उभे राहिले, आणि त्यांच्या चपलांवर पाणी ठिबकत राहिले.

रंग वाळला. दार पुन्हा बसले. चार दिवस काका येता-जाता ते ओढून घेत, मग वाऱ्याने आपटते अशी तक्रार आली आणि कोणीतरी त्याला खुर्ची लावली. आता तिथे एक तरुण बाप बसतो. मांडीवर लहान मुलगी असते. तो टेकला की फळी माझ्यावर दाबली जाते. यंदाचा नवा कागद माझ्यावर लागला आहे, नियमानुसार.

मित्रांनो, माझ्यावर कोणी खोटे लिहिले असते, तर ते कधीतरी उघडकीला आले असते. माझ्यावर सगळे खरे होते आणि तरी एकाही माणसाच्या कामी आले नाही, याचे दुःख मला सोडत नाही. माझ्या काचा पुसू नका, चौकटीला तेल लावू नका, मला काही नको. फक्त कुठल्याही रुग्णालयात, कचेरीत गेलात आणि एखादे दार भिंतीला टेकलेले दिसले, तर खुर्चीवर बसलेल्या माणसाला म्हणा, जरा उठता का? आणि दार ओढून बघा.