सातवं प्रूफ

"सातवं प्रूफ! या मंत्र्याला दुसरी कामं नाहीत का गं?" निशिकांत बायकोच्या, नीलिमाच्या, कानाशी पुटपुटला.

सहा प्रुफं व्हॉट्सॲपवर झाली होती. सातव्याला, सिंगापूर दौऱ्यात वेळ काढून, मंत्री रणदिवेसाहेब स्वतःच नीलिमाच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर हजर झाले होते. श्रीलंकेच्या मोहिमेत ते कॅप्टन होते आणि नीलिमाचा भाऊ मिलिंद त्यांच्याच तुकडीत. तो तिथंच गेला. साहेबांच्याच हस्ते निघणाऱ्या महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत नीलिमानं लिहिलं होतं, 'माघार घेताना गेला.' साहेब दर वेळी खोडून 'विजयी चढाईत' करत, आणि ती दर वेळी गुपचूप पूर्ववत करी.

"ताई, वीराची बहीण तुम्ही. असं पडेल लिहू नये," म्हणत साहेबांनी लाल पेन उघडलं.

नीलिमाच्या डोक्यात तिडीक गेली, पण घरी आलेल्या पाहुण्याला बोलायचं कसं? तिनं चहा पुढे केला.

मटार सोलत बसलेल्या तिच्या आईनं, माईंनी, मान वर केली.

"कॅप्टन, तुम्ही हरला होतात. माझा मिलिंद हरलेल्या लढाईत गेला. म्हणून काय तो मला कमी लाडका होतो?"