बिनशेपटीचा बटण आणि शेपटीवाली क्रियापदं

मित्रांनो, मी एक जुना, बिनशेपटीचा कुत्रा आहे. कुत्र्याला म्हातारा म्हणतात, जुना म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण आमचा मालक डग मला ट्रॅक्टर, पंप आणि गंजलेली शिडी यांच्याच रांगेत धरतो, तेव्हा मी जुनाच बरा. आणि माझी शेपूट कुणी कापली वगैरे नाही हं. आमच्या जातीत ती येतच नाही. माझ्या आईला नव्हती, तिच्या आईलाही नव्हती. शेपटीच्या जागी कोटाच्या बटणाएवढा एक गोळा असतो. तो पाहूनच डगच्या बायकोने, नोलीनने, माझं नाव ठेवलं, बटण.

आता असा मी तुम्हांला शेपटीविषयी चार गोष्टी सांगणार म्हटल्यावर तुम्ही हसाल. खुशाल हसा. कंगव्याची खरी किंमत टकल्यालाच कळते.

माझा जन्म टास्मानियातला, डगच्या मळ्यावरचा. खाली नदीकाठी सफरचंदांची बाग आणि वर टेकडीवर गाई. माझं काम गाईंकडे. गाय अडून बसली की मागून तिच्या टाचेला हलकेच चावायचं आणि लाथ यायच्या आत जमिनीला चिकटायचं. हे मला आईने शिकवलं. इंग्रजी मात्र डगने शिकवलं, आणि डग शिकवतो ते ओरडून.

त्याचा लाडका शब्द होता 'गेट'. लहानपणी 'गेट' ऐकलं की मी धावत जाऊन गाडीच्या हौद्यात उडी मारायचो. हौद्यात पोचेपर्यंत उरलेला शब्द मागून यायचा, 'आउट'. म्हणजे चालता हो! पुढच्या वेळी 'गेट' ऐकताच मी शहाण्यासारखा चालता झालो, तर मागून आलं 'अप'. म्हणजे गाडीत चढ! मी आपला चढतोय आणि उतरतोय. गाई बघत उभ्या राहायच्या. त्यांना तेवढीच करमणूक.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की या इंग्रजी क्रियापदांचं तोंड बघून काही कळत नाही. तोंड सगळ्यांचं सारखंच. शेवटी जो टीचभर शब्द लोंबतो, 'अप', 'डाउन', 'ऑफ', 'आउट', ती त्यांची शेपूट. शेपूट बदलली की अर्थ बदलला. कुत्रा चावणार की चाटणार, हे तुम्ही शेपटीवरूनच ओळखता ना? तसंच हे. तुमच्या भाषेतही असलं काही असेलच. डोळा तोच, पण डोळा लागला तर झोप येते आणि डोळा मारला तर चप्पल येते.

सफरचंदं पिकली की दूरच्या वानुआटूच्या बेटांवरून माणसं तोडणीला येतात. अशाच एका हंगामात लेइसावी आली. उंच, रुंद खांद्यांची, हसली की अख्खी रांग मागे वळून बघायची. तिची शाळा फ्रेंचमधली आणि घरचं बोलणं बिस्लामा. बिस्लामा म्हणजे इंग्रजीची चुलत बहीण. चेहरा तोच, पण स्वभाव निराळा. त्यामुळे तिला इंग्रजी समजतंय असं सगळ्यांना वाटायचं आणि तिलाही वाटायचं. खरी पंचाईत तिथेच होती.

पहिल्याच आठवड्यात नोलीन चहाच्या सुट्टीत तोडणीवाल्यांसाठी केक घेऊन आली. तिला आत बोलवावं म्हणून लेइसावी खोलीच्या दारात गेली. इतके दिवस डगच्या तोंडून ऐकलेल्यांपैकी सगळ्यात भारदस्त वाक्य तिने निवडलं आणि गोड हसून म्हणाली, "गेट इन बिहाइंड!"

हे वाक्य माझं. याचा अर्थ, गुमान मागे चल.

नोलीन खरोखर केक घेऊन गुमान तिच्या मागे चालू लागली. अर्धं आयुष्य डगबरोबर संसार केलेली बाई, पायांना सवय. टेबलापाशी आल्यावर तिला भान आलं.

"पोरी, हे तुला कुणी शिकवलं?"

लेइसावीने माझ्याकडे बोट दाखवलं. "याने. बॉस बोलतात ते याला सगळं बरोबर कळतं. म्हणून मी याच्याकडे बघून शिकते."

"माझ्या नवऱ्याचं इंग्रजी शिकलीस तर गाईंशिवाय तुझ्याशी कुणी बोलणार नाही," नोलीन म्हणाली. "उद्यापासून चहाला माझ्याकडे येत जा. त्यालाही आण."

अशी मित्रांनो, मला मास्तरकी लागली. नोलीन सांगायची आणि मी करून दाखवायचो. 'सिट डाउन', 'गेट अप', 'कम ऑन'. मी बसलो की लेइसावी बसायची, मी उठलो की उठायची. नोलीनने दम भरला होता, एका दिवशी एकच शेपूट. पण बाहेर बागेत डग एका दमात दहा शेपट्या फेकायचा, त्याला कोण आवरणार?

एकदा ढग भरून आले, तसा तो लांबून ओरडला, "लेई, ही रांग झाली की नॉक ऑफ!" आता 'नॉक' म्हणजे ठोकणे, हे तिला माहीत. 'ऑफ' म्हणजे सुटं करणे, हेही माहीत. तिने रांग संपवली, बांबू घेतला आणि पुढच्या झाडाला असा ठोकला, असा ठोकला, की सफरचंदांचा पाऊस पडला. मी गाडीखाली.

डग धापा टाकत आला. "अगं बाई! काम थांबव म्हणालो मी! काम!"

"मग काम थांबव असंच म्हणायचं ना, बॉस," ती डोक्यातली पानं झटकत म्हणाली. "ठोका कशाला म्हणता?"

त्या वर्षी नोलीनने एवढा मुरंबा केला, की शेजारी आमचं फाटक चुकवून जायला लागले.

दुसरी गंमत कोंबड्यांची. नोलीन आणि डग गावात निघाले. नोलीन गाडीतून म्हणाली, "लेई, कोंबड्यांना लुक आफ्टर कर हं." संध्याकाळी येऊन बघतात तर कोंबड्या उपाशी आणि खुराड्यात नुसता कल्लोळ. लेइसावी पायरीवर समाधानाने बसलेली.

"सापडल्या, आंटी! सगळ्या खुराड्यातच होत्या. फार शोधावंच लागलं नाही."

"शोधायला कुणी सांगितलं? सांभाळायला सांगितलं होतं! 'लुक फॉर' म्हणजे शोधणे. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे."

लेइसावीने कपाळाला हात लावला. "आमच्या बिस्लामात दोन्हीला एकच शब्द आहे, लुकाउतेम. शोध, तरी लुकाउतेम. सांभाळ, तरी लुकाउतेम."

"मग तुमचा गोंधळ नाही होत?"

"कसला गोंधळ? ज्याला सांभाळायचं, त्याला आधी शोधावंच लागतं की," लेइसावी म्हणाली. नोलीन कोंबड्यांना दाणे टाकत तिथेच उभी राहिली.

'पुट डाउन' हे बागेतलं रोजचंच. सफरचंदांची पिशवी हळूच खाली ठेव, फळाला डाग नको. "अंडी ठेवतेस तशी," नोलीन म्हणायची. लेइसावीचा त्यात हात धरणारं कुणी नव्हतं. पण एक दिवस शेजारची घोडी पाय मोडून पडली आणि चहाच्या वेळी नोलीन म्हणाली, "सकाळीच तिला पुट डाउन केलं."

"कुठे ठेवली?" लेइसावीने विचारलं.

नोलीनने कप बाजूला सारला आणि समजावून सांगितलं. गुरांचा डॉक्टर येतो, सुई देतो आणि जनावर परत उठत नाही. त्यालाही हेच म्हणतात.

"पिशवीला जो शब्द, तोच घोडीला?" लेइसावीने विचारलं. "तोंड तेच, शेपूटही तीच? मग ओळखायचं कसं?"

"तेव्हा शब्दाकडे बघायचं नाही, पोरी. सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं."

मी टेबलाखाली होतो. मास्तर असलो तरी हा धडा मला नवा होता. केकचा तुकडा समोर पडला होता, तो मी जरा उशिरानेच खाल्ला.

पुढे दिवस फिरले. माझे कान आधी एका बाजूने गेले, मग दुसऱ्या बाजूने निम्मे. एका सकाळी लाथेची चाहूल मला लागली नाही, आणि मागचा एक पाय कायमचा रुसला. मी तीन पायांवर चालायचो, पण गाई आता माझ्याकडे मान वळवूनसुद्धा बघेनात. अपमान म्हणजे काय ते गाईकडून शिकावं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी दुखणं कमी होईल, पण कामाचा नाही राहणार. पुढचं तुम्ही ठरवा. डग रोज मला उचलून हौद्यात बसवायचा आणि रोज गप्प राहायचा. ओरडणारा माणूस गप्प झाला, की समजावं काहीतरी शिजतंय.

तोडणी संपत आली होती. एक दिवस डग लेइसावीसमोर उभा राहिला, हातात गाडीची किल्ली. बघत होता शिडीकडे.

"लेई, याला गावात डॉक्टरकडे घेऊन जा. मला वेळ नाही. बागेत काम आहे." बागेत त्या दिवशी काही काम नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. "डॉक्टरांना सांगून ठेवलंय. याला... पुट हिम डाउन."

माझं नावसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही.

मित्रांनो, मला निम्मंच ऐकू येत होतं, पण नेमकं तेवढं आलं. मी लेइसावीकडे बघितलं. ती शब्दाकडे बघत नव्हती. ती डगच्या तोंडाकडे बघत होती. त्याची हनुवटी बघितली, शिडीवर रोखलेले डोळे बघितले, उगाच किल्ली चोळणारी बोटंही बघितली. मग अगदी भोळा चेहरा करून म्हणाली, "हो, बॉस."

तिने मला उचलून गाडीत ठेवलं. गाडी फाटकाबाहेर पडली. मी मनात सगळ्यांची माफी मागितली, एका गाईची सोडून. पण गाडी गावाकडे वळायच्या ऐवजी नदीकडे वळली, बागेला वळसा घालून तोडणीवाल्यांच्या खोल्यांमागे येऊन थांबली. लेइसावी उतरली. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि गवतावर खाली ठेवलं. अंडी ठेवतात तसं.

"पुट डाउन," ती माझ्या कानात म्हणाली. "शिकवलंस ना तू?"

मला नंतर कळलं, डग त्या दुपारी घरामागे खड्डा खणत होता. डोळ्यांत घाम गेला म्हणून सारखे डोळे पुसत होता. लेइसावी किल्ली द्यायला गेली.

"झालं?" त्याने मान वर न करता विचारलं.

"हो, बॉस. पुट हिम डाउन. अगदी हळूच."

"त्रास नाही ना झाला?"

"मुळीच नाही."

"कुठे आहे?"

"खोल्यांच्या मागे, गवतावर."

डग घोंगडी आणि फावडं घेऊन निघाला. टोपी काढून हातात धरली होती. नोलीन मागोमाग. ते कोपऱ्यावरून वळले तेव्हा मी जेवत होतो. नारळाच्या दुधात शिजवलेले अळूचे कंद, वर डब्यातली मासळी. असं जेवण डगच्या मळ्यावर मला जन्मात मिळालं नव्हतं, त्यामुळे मी उठलो नाही. फक्त माझं बटण हललं.

डगच्या हातातून फावडं पडलं.

"लेई! अगं, हा जिवंत आहे!"

"हो, बॉस. खाली ठेवला. तुम्हीच सांगितलं ना?"

"पुट डाउन म्हणजे... अगं, त्याचा अर्थ..." डगला तो अर्थ बोलता येईना. तो नोलीनकडे वळला. "तू काय शिकवलंस हिला?"

"पुट डाउन म्हणजे खाली ठेवणे. बरोबर आहे की," नोलीन ढगांकडे बघत म्हणाली. "परक्या भाषेत होतात चुका, डग. समजून घे."

डग आळीपाळीने त्या दोघींकडे बघत राहिला. मग माझ्यापाशी मटकन बसला, माझ्या मानेत तोंड खुपसलं, आणि तिथूनच गुरगुरला, "आता मेल्या, तुला पुट अप विथ करणं आलं."

"हे काय नवीन?" लेइसावीने हळूच विचारलं.

"सोसून घेणे, निभावून नेणे," नोलीन म्हणाली. "नवऱ्याच्या बाबतीत फार उपयोगी."

"आणि याला दोन शेपट्या!" लेइसावी हरखली.

खणलेला खड्डा वाया जाऊ नये म्हणून डगने त्यात लिंबाचं झाड लावलं. त्याला मी रोज पाणी घालतो, माझ्या पद्धतीने. झाड जोमात आहे.

लेइसावी दर हंगामाला परत येते. आता मला काहीच ऐकू येत नाही, पण लोकांची तोंडं मी छान वाचतो. परवा डग गावात निघाला होता. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "लेई, बटणला लुक..." आणि पुढचं घाईत राहून गेलं.

"शेपूट कुठली, बॉस?" ती म्हणाली. "शोधू की सांभाळू?"

डगने लिंबाच्या सावलीकडे बघितलं. मी तिथेच होतो.

"दोन्ही," तो म्हणाला.

मित्रांनो, इंग्रजी शिकताना शेपटीकडे लक्ष ठेवा, मार्क मिळतील. पण तुमच्या अंगणात एखादा माझ्यासारखा असला, न ऐकणारा, न धावणारा, कोपऱ्यात पडून असलेला, तर आज जरा त्याला शोधा. सांभाळणं मग जमतंच. आणि त्याला उचललंत तर खाली ठेवताना हळू ठेवा, अंडी ठेवतात तसं.