सनईच्या खिळ्यावर टांगलेला ताम्रपट

मित्रांनो, माझ्याकडे एवढ्या आदरानं बघू नका. मी एक जुना ताम्रपट आहे. सोलापुरात लष्कर भागातल्या एका दोन खोल्यांच्या घरात भिंतीवर टांगलेला असतो. माझ्या कडा हिरव्या पडल्या आहेत आणि चुलीच्या धुरानं तोंड काळं झालं आहे. ते तसं झालं हे बरंच झालं, असं मी स्वतःशी म्हणतो. चकचकीत होतो तेव्हा माझ्यामुळं या घरात जे घडलं, ते सांगताना मला आजही मान वर करवत नाही.

माझा जन्म दिल्लीचा. एकानं मला ठोकून सपाट केलं, दुसऱ्यानं माझ्यावर अक्षरं कोरली, तिसऱ्यानं चिंच लावून घासलं. देशातल्या कलावंतांचा आणि कलेला आश्रय देणाऱ्या रसिकांचा मान करावा म्हणून सरकारनं आम्हाला घडवलं होतं. त्या साली आम्ही चौदा भाऊ होतो. बारा कलावंतांच्या घरी गेले, दोन रसिकांच्या. मखमलीच्या पेटीत पडल्या पडल्या मला वाटायचं, आपण जाऊ तिथं भाग्य उजळणार. तांब्याच्या पत्र्याला एवढी घमेंड शोभत नाही, पण होती खरी.

माझ्यावर नाव कोरलं होतं धोंडीरामाचं, आणि त्याच्याखाली 'श्रेष्ठ सनईवादक'. धोंडीराम साठीकडे झुकलेला, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. तो सनई वाजवायचा आणि त्याचा सोबती मानसिंग चौघडा. माढ्यापासून अक्कलकोटापर्यंत लग्न असो, बारसं असो, या दोघांना बोलावणं असायचंच. त्यांचा सगळ्यात मोठा चाहता म्हणजे मंगळवार पेठेतले धान्याचे व्यापारी चन्नप्पा. चन्नप्पांच्या दारात गेली वीस वर्षं पाडव्याला धोंडीरामाचीच सनई वाजत होती. दिल्लीला अर्ज पाठवला तोही त्यांनीच. इंग्रजीत टाइप करून घेतला, फोटो जोडला, आणि उत्तर येईपर्यंत पोस्टमनला रोज हटकलं. माणूस खरंच मनाचा मोठा होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल.

त्र्याहत्तर साल होतं. दुष्काळानं जिल्हा पोळून निघाला होता. तरी धोंडीराम आणि मी दिल्लीहून आलो तेव्हा स्टेशनवर शे-दीडशे माणसं हार घेऊन उभी होती. धोंडीरामाला ट्रकवर खुर्ची टाकून बसवलं, मला त्याच्या मांडीवर दिलं. पुढं बँड वाजत होता. धोंडीरामाच्या काखेत सनईची पिशवी होती. गर्दी बघून त्याला हुरूप आला असावा, तो पिशवीची नाडी सोडायला लागला. चन्नप्पांनी प्रेमानं त्याचा हात धरला आणि म्हणाले, "बुवा, आज तुम्ही वाजवायचं नाही. आज तुमच्यासाठी दुसऱ्यांनी वाजवायचं."

वीस वर्षं जे 'अरे धोंड्या' म्हणत होते, ते त्या दिवशी 'बुवा' म्हणाले. धोंडीरामानं नाडी परत बांधली. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. मी आपला उन्हात चमकत होतो.

घरी आल्यावर मला टांगायला जागा शोधू लागले. भिंत मातीची, खिळा ठोकावा तिथं पोपडे पडायचे. धड असा एकच खिळा होता, दारासमोरचा, आणि त्याच्यावर सनईची पिशवी असायची. धोंडीरामाच्या बायकोनं, मथुराबाईनं, पिशवी काढून पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली ठेवली आणि मला तिच्या जागी लावलं. मी एकदाही म्हणालो नाही की बाई, ही जागा माझी नव्हे. उलट दारातून आलेल्या माणसाची नजर पहिली माझ्यावरच पडते, याचा मला आनंद झाला.

मथुराबाईचंही काही चुकलं नाही. तिनं उभा जन्म दुसऱ्यांच्या लग्नात मांडवाबाहेर बसून काढला होता. वाजवणाऱ्यांची पानं शेवटी मांडायची, उरलंसुरलं वाढायचं, अशी रीत. मी आलो आणि लोक तिच्या नवऱ्याला पहिल्या पंगतीत बसवू लागले. पहिल्यांदा तसं जेवून आली तेव्हा ती शेजारच्या चिमाबाईला म्हणाली, "गरम भात वाढला गं. वाफ निघत हुती." एवढंच म्हणाली आणि डोळे पुसून विड्या वळायला बसली. विड्यांच्या कारखान्याचं पान-तंबाखू तिच्या सुपात कायम असायचं. त्या दिवशी माझी छाती फुगली, ती मात्र हक्काची होती असं मला अजून वाटतं.

पण मित्रांनो, एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नव्हती. कलावंताला वाजवायला बोलवायचं तर त्याच्या हातावर सुपारी ठेवतात. सुपारी घेतली की तो बांधला गेला, त्या तारखेला येऊन वाजवणार. पाहुण्याला सुपारी देत नाहीत, त्याला लग्नपत्रिका देतात. मी आल्यापासून धोंडीरामाकडं पत्रिका येऊ लागल्या. दुष्काळात लांबलेली लग्नं पुढच्या साली धडाधड उरकली, आणि माझ्या चौकटीत खोचलेल्या पत्रिकांनी मी अर्धा झाकून गेलो. सुपारी मात्र एकही आली नाही. लोकांना वाटे, सरकारनं मान दिलेल्या माणसाला मांडवाबाहेर सतरंजीवर बसवून वाजवायला कसं सांगायचं? मग ते त्याला पुढच्या रांगेत खुर्ची देत, हार घालत, आणि कर्ण्यावर सनईची रेकॉर्ड लावत.

धोंडीराम त्या रेकॉर्डखाली हार घालून बसायचा. घरी आला की हार माझ्या खिळ्याला अडकवायचा.

मानसिंगानं वर्षभर वाट पाहिली. नुसता चौघडा घेऊन तो जाणार कुठं? एक दिवस दारात उभा राहून म्हणाला, "दादा, बार्शीच्या बँडवाल्यानं बोलावलंय. लाल कोट घालायचा आन् ढोल बडवायचा. जाऊ का?"

"जा की," धोंडीराम म्हणाला. "मी काय धरून ठेवलंय व्हय तुला?"

मानसिंग गेला. जाताना त्यानं मला हात जोडले. मला वाटलं भिंत फोडून आत शिरावं.

धोंडीराम सनईचा सराव घरात कधी करत नसे. आजूबाजूला सगळी गिरणीत रातपाळी करणारी माणसं, ती दिवसा झोपायची. म्हणून तो पहाटे कंबर तलावाच्या काठी जायचा. मी आल्यावरही काही महिने गेला. पण तिथं फिरायला येणारे लोक भोवती जमायचे, पाया पडायचे, 'बुवा, तुम्ही असे मातीत काय बसता' म्हणायचे. हळूहळू त्यानं तेही सोडलं. मथुराबाईनं विचारलं तर म्हणाला, "सुपारी न्हाय, मानसिंग न्हाय. कुणासाटी फुकू?" सनई पेटीतच राहिली. तिची पत्ती, म्हणजे तोंडाशी लावायची गवताची चिपाटी, वाळून तडकली. सनईवाल्याचा दमसास रोजच्या सरावावर टिकतो, आणि त्याचा सराव थांबला होता. मी समोर टांगलेला सगळं बघत होतो. एकदा खाली पडलो असतो, तरी त्यांना माझ्यामागचा रिकामा खिळा दिसला असता. पण मी पडलो नाही. मला तिथं आवडत होतं.

शहात्तर साली चन्नप्पांच्या नीलम्माचं लग्न ठरलं. नीलम्मा ही त्यांची एकुलती एक लेक. तिच्या बारशाला धोंडीराम वाजवायला गेला होता. पुढं प्रत्येक पाडव्याला ती त्याच्यासमोर मांडी घालून बसायची आणि त्याला 'अज्जा' म्हणायची, कानडीत आजोबाला म्हणतात तसं. सात वर्षांची असताना तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं की तिच्या लग्नात तोच वाजवणार. तो शब्द धोंडीराम विसरला नव्हता.

पत्रिका आली त्या दिवशी त्यानं पेटी उघडली. नवी पत्ती बसवली. आठ दिवस पहाटे गुपचूप कुठं तरी जाऊन आला. परत यायचा तेव्हा धापा टाकत असायचा, पण तोंडावर तेज असायचं. मथुराबाई बघून न बघितल्यासारखं करायची.

लग्नाला मलाही नेलं. चन्नप्पांची तशी इच्छा होती. मला घासूनपुसून व्यासपीठाजवळ टेबलावर ठेवलं आणि वर हार घातला. शेजारी मखमली गादीची खुर्ची, तिच्यावर धोंडीराम. कोटाच्या आत त्यानं सनई खोचली होती. अक्षतांची वेळ जवळ आली तसा तो उठला आणि चन्नप्पांना हळूच म्हणाला, "अण्णा, मी सनई आणलीया. वाजवतो."

चन्नप्पा कावरेबावरे झाले. त्यांनी दोन्ही हात जोडले. "छे छे, बुवा. तुम्ही बसा. आज तुम्हाला वाजवायला लावलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. हा बघा, ताम्रपट समोर आहे."

त्यांनी माझ्याकडं बोट केलं. सगळ्या पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं. धोंडीरामानंही पाहिलं. मग तो बसला. कर्ण्यावर रेकॉर्ड सुरू झाली, अक्षता पडल्या. त्याची बोटं मांडीवर हलत होती, पण ती त्या रेकॉर्डमागं धावत नव्हती. त्याचं काही वेगळंच चाललं होतं. मला आयुष्यात एवढं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नाही.

नवरदेवाबरोबर निघताना नीलम्मा त्याच्या पाया पडायला आली. म्हणाली, "अज्जा, अक्षता पडताना मी तुमचीच वाट बघत हुते."

तिचे वडील शेजारीच उभे होते. धोंडीराम म्हणाला, "म्हातारा झालो गं पोरी. दम पुरंना आता."

चन्नप्पांना वाईट वाटू नये म्हणून तो खोटं बोलला. त्याच्या कोटाखाली नवी पत्ती बसवलेली सनई होती आणि माझ्या अंगावर श्रेष्ठ सनईवादक अशी अक्षरं होती. त्या हाराखाली मी नुसता चमकत राहिलो. नीलम्मानं कोटाच्या फुगवट्याकडं पाहिलं.

घरी आल्यावर मथुराबाईनं विचारलं, "तुमी तोंड उघडून सांगितलं का न्हाय, की मला वाजवायचंच हाय म्हून?"

"त्यानं हात जोडले. जोडल्याल्या हाताला काय म्हणायचं?"

त्यानंतर सनई परत पेटीत गेली. आणि तो जे खोटं बोलला होता, ते पुढच्या दोन वर्षांत हळूहळू खरं होत गेलं. चार पायऱ्या चढल्या तरी तो दम खायला थांबायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात नीलम्मा सासरहून, अक्कलकोटहून आली. कडेवर तान्ही मुलगी. मथुराबाईनं पाट दिला, पाणी दिलं. नीलम्मानं इकडचं तिकडचं काही न बोलता पदराच्या गाठीतून एक सुपारी काढली आणि धोंडीरामाच्या हातावर ठेवली.

"हिचं बारसं हाय अज्जा. वाजवायला यायचं. बसायला न्हाई."

धोंडीराम त्या सुपारीकडं बघत राहिला. पाच वर्षांत त्याच्या हातावर कुणी सुपारी ठेवली नव्हती. "आता खरंच दम न्हाय ऱ्हायला गं," तो म्हणाला.

"हाय तेवढा घेऊन या की."

"तुझ्या बापाला चालंल का?"

"अप्पांना मी सांगितलंय. गप बसलेत. मानसिंगकाकांना बार्शीला माणूस धाडलाय."

धोंडीराम माझ्याकडं बघून म्हणाला, "आन् ह्येला आणायचा का?"

"त्याला कशाला?" नीलम्मा म्हणाली. "ऱ्हाऊ दे भिंतीवर."

मित्रांनो, असा अपमान माझा कुणी केला नव्हता, आणि तो ऐकून मला पहिल्यांदा हलकं वाटलं.

बारशाला ती दोघं गेली. मी घरी, कुलूप लावलेल्या दाराआड. मथुराबाई परत आल्यावर चिमाबाईला सांगत होती ते मी ऐकलं. धोंडीराम सतरंजीवर बसला, शेजारी मानसिंग. सुरुवातीला दोनदा दम तुटला. चन्नप्पा पुढं होऊन 'बुवा, राहू द्या' म्हणणार, तेवढ्यात लेकीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि ते मागं सरले. मग सूर लागला. फार वेळ नाही, पाळण्याचं गाणं होईपर्यंतच. पण चन्नप्पा खांबाला टेकून रडत होते म्हणे. वाजवून झाल्यावर नीलम्मानं दोघा वाजवणाऱ्यांना आपल्या सासऱ्यांच्या शेजारी पहिल्या पंगतीत बसवलं. "सतरंजीवरनं उठून थेट पाटावर," मथुराबाई म्हणाली. "दोन्ही हुतंय की. मग इतकी सालं आमाला का न्हाय सुचलं?"

मलाही सुचलं नव्हतं. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, पुढं मोठे झालात आणि कुणा कलावंताचा मान करावासा वाटला, तर करा, हार घाला, खुर्ची द्या, आमच्यासारखे ताम्रपटही द्या. पण त्याला आधी विचारा, 'आमच्याकडं कधी वाजवता?' आणि त्यानं वाद्य काढलं की त्याचा हात धरू नका.

आता कुणी पाहुणा आला की मला न्याहाळतो आणि विचारतो, "कसं वाजवतो हो हा माणूस?" मित्रांनो, मला काय ठाऊक. दिल्लीच्या समारंभात वादनाला वेळ नव्हता, मिरवणुकीत त्याला वाजवू दिलं नाही, लग्नात मी आडवा आलो, आणि बारशाला मला नेलं नाही. धोंडीराम श्रेष्ठ सनईवादक आहे हे माझ्या अंगावर कोरलेलं आहे. त्याची सनई मी अजून एकदाही ऐकलेली नाही.