उजव्या गालावरचा तीळ

मी चित्रकाराच्या खोलीतला आरसा बोलतोय. मूळचा एका कपाटाच्या दाराचा. कपाटाला वाळवी लागली, मी तेवढा वाचलो आणि या भिंतीवर आलो.

आमचे चित्रकार म्हणजे जसं दिसतं तसंच काढणारे. पत्र्याच्या बादलीचा पोचासुद्धा त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. रंगवता रंगवता ते मध्येच चित्राकडे पाठ करायचे आणि माझ्यात पाहायचे. चित्र उलटं दिसलं की चूक पटकन नजरेत भरते म्हणे. चूक सापडली की स्वारी खूश.

त्यांची बायको चहा घेऊन यायची आणि चित्राशेजारी उभी राहायची. "कसं झालंय?" ते न वळता, माझ्यात दिसणाऱ्या तिलाच विचारायचे.

"बादली छान आलीय. आता माझं काढा की एकदा."

"तू काय, घरातच आहेस. काढू."

बादल्या झाल्या, खुर्च्या झाल्या, शेजारचा न्हावी झाला, त्याची कात्रीसुद्धा झाली. तिचा नंबर काही लागला नाही. मग ती आजारी पडली आणि गेली. मला काही वाटलं नाही. समोरून माणूस हललं की माझ्यात काही उरत नाही, माझी घडणच तशी.

"बाबा, आईचा एक धड फोटो नाही घरात," लेक म्हणाली. "तुम्ही तरी काढा."

ते आठवणीतून काढायला बसले. जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती. चित्र झालं तसं त्यांनी लेकीला बोलावलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, तीळ उजव्या गालावर काढलात. आईचा डाव्या गालावर होता."

"छे! रोज बघत होतो मी तिला."

"कुठे बघत होतात?"

सवयीने पाठ फिरवून त्यांनी माझ्यात पाहिलं. माझ्यात तीळ डाव्या गालावर होता.

"ही आई," लेक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. ते मात्र अनोळखी बाईकडे बघावं तसे बघत राहिले. त्यांना रडू फुटलं. तेही मी दाखवलं, दुसरं काय करणार?

चित्र त्यांनी दुरुस्त केलं नाही. आता ते लेकीच्या घरी आहे आणि समोरच्या भिंतीवर मी. चित्रकार येतात, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसतात. "काय करताय बाबा?" लेक विचारते.

"ओळख करून घेतोय."

माझा मुलामा कोपऱ्यातून सुटायला लागलाय. नवा आरसा आणलात तरी माझी तक्रार नाही. फक्त ही भिंत रिकामी ठेवू नका. त्यांची ओळख अजून पुरती झालेली नाही.